दुरुस्त केलेली ओळ

हे आजवर कुणालाच बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगतोय — ओळखत असता, तर बहुधा तुम्हालाही सांगितलं नसतं.

माझ्या कॉम्प्युटर कोडच्या नोट्स इंटरनेटवर आहेत. रोजच्या कामातले छोटे छोटे तुकडे, आणि प्रत्येकाखाली तो असाच का लिहायचा ते साध्या मराठीत. धाराशिवकडची मुलं त्या वाचून मेसेज करतात, 'सर' म्हणतात. बरं वाटतं. मग इरफान आठवतो, आणि फोन पालथा ठेवून देतो.

इरफान आणि मी नळदुर्गचे, शाळेपासून एका बाकावरचे. या नोट्स आम्ही दोघांनी सुरू केल्या. डोक्यानं तो माझ्यापेक्षा तेज होता, आणि ते मला सलायचं — आता खोटं कशाला बोलू? पण लॅपटॉप माझ्याकडे होता. मी टाइप करून प्रिंट काढायचो, आणि हायवेवर मामूच्या पंक्चरच्या दुकानात बसून तो पानंच्या पानं पाठ करायचा. कोड चालवून बघायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. मी दिलंय म्हणजे बरोबरच असणार, एवढंच.

पुण्यातल्या एका कंपनीत दोघांचीही मुलाखत लागली. जागा एकच. आदल्या दिवशी आमच्या एका कोडमध्ये मला चूक सापडली. यादीतून नाव शोधायचा कोड. शोधत शोधत शेवटी एकच नाव उरलं, तर ते न बघताच तो 'सापडलं नाही' म्हणायचा. मुलाखतीत हा कोड हमखास लिहायला लावतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. चूक माझ्याच टायपिंगची. मी ओळ दुरुस्त केली. इथवर काही वाईट केलं का मी? नाही ना? मग त्याचा फोन आला.

"नोट्समधी काय बदललंय का रं?"

"नाही," मी म्हणालो. "तेच आहे सगळं."

दुसऱ्या दिवशी त्यानं तो कोड कागदावर जसाच्या तसा उतरवला. यादीत एकच नाव असेल तर काय होईल, असं विचारल्यावर गडबडला. बाहेर आला तेव्हा शर्ट घामानं भिजलेला. "आपलं डोकंच न्हाय गड्या ह्याच्यासाठी," म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हो — ठेवला. नोकरी मला मिळाली. त्यानं पुन्हा कधी प्रयत्न केला नाही. कदाचित तसंही मलाच घेतलं असतं — पण हा विचार मी सोयीनं करतो, हेही मला कळतं.

गेल्या ईदला त्याच्या घरी गेलो होतो. त्याची धाकटी बहीण रुबीना बारावी झालेली, कॉम्प्युटरला जायचं म्हणून हट्ट धरून बसली होती. इरफान हसला. "आपल्या घरात न्हाय कुणाला त्ये डोकं. मला जमलं का? आता तूच सांग हिला."

ती माझ्याकडे बघत राहिली. खरं सांगायला किती वेळ लागला असता?

"अवघड असतं," मी म्हणालो.

शीरखुर्म्याच्या वाट्या उचलून ती आत गेली. तिनं बी.ए.ला नाव घातलंय.