दाराजवळची खुर्ची

फुकट म्हटलं की माझं डोकं फिरतं. चाकणच्या कंपनीत निम्मं आयुष्य गेलं, तिथे वरचे साहेब आल्याशिवाय बिस्कीटसुद्धा फुकट मिळालं नाही. त्यामुळे पोरगी म्हणाली, "पप्पा, नागपूरला परिषद आहे, जाण्यायेण्याचा, राहण्याचा सगळा खर्च तेच करणारेत," तेव्हा माझा घास हातातच राहिला.

आम्हाला हे नवं नाही. आमच्या पिंपळे गुरवला दर रविवारी कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये 'सेमिनार' असतो. कंपनीतलाच कोणीतरी गोड बोलून नेतो. चहा-बिस्कीट, गळ्यात बिल्ला, स्टेजवर कोटवाला, टाळ्या. शेवटी कळतं की साबण विकायचेत आणि आपल्याखाली आणखी माणसं जोडायचीत. माझा मेहुणा असाच अडकला. त्याच्या पलंगाखाली अजून शाम्पूचे खोके आहेत आणि नातेवाईक त्याचा फोन उचलत नाहीत.

पोरगी संशोधन करते. चाकणच्या बाजारातला कांदा साठवल्यावर का सडतो, हा तिचा विषय.

"सडक्या कांद्यावर बोलायला तुला कोण कशाला पैसे देईल गं?"

ती रडकुंडीला आली. "पप्पा, तिथे बोलले नाही तर माझं काम कॉलेजच्या कपाटातच राहील."

बायको म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना तिला."

"जाऊ दे की. पण मी बरोबर जाणार, माझ्या तिकिटानं."

तिथे पोचलो आणि बघतो तर तेच. चहा-बिस्कीट. गळ्यात बिल्ला. कोटवाले! मी शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची धरली, म्हणजे साबण निघाला की पोरीला घेऊन सटकता येईल. पोरगी इंग्रजीत बोलली. मी पडद्यावरचे कांदे तेवढे ओळखले. टाळ्या वाजल्या, पण टाळ्या मेहुण्यालाही मिळाल्या होत्या.

मग आयोजकांतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ माईकवर आले. "पुढच्या वर्षी येताना प्रत्येकानं दोन नवे विद्यार्थी आणा. त्यांचाही खर्च आम्ही करू."

मी ताडकन उठलो. "आली बघा साखळी! अहो, यात तुमचा काय फायदा, ते सांगा आधी!"

अख्खा हॉल मागे वळला. वाटलं, पोरगी आता तोंड लपवणार. ती उभी राहिली. "सर, हे माझे पप्पा. त्यांना उत्तर द्या."

मीही खाली बसलो नाही.

"कांदा कमी सडला तर तोच फायदा," गृहस्थ म्हणाले. लोक हसले. मला काही पटलं नाही. परतताना त्यांनी दिलेली बॅग मी स्वतः उचकून पाहिली. कागद आणि पेन, बाकी काही नाही.

यंदा पोरीनं पुनावळ्याची एक हुशार मुलगी हेरली. तिचे वडील जुने गाववाले, ऐकेनात, म्हणून समजवायला मला नेलं. मी तिकीट, राहणं, जेवण, सगळं नीट सांगितलं. मुलगी आतल्या दाराशी कान देऊन उभी होती. वडिलांची नजर माझ्या पिशवीवर.

"समदं खरं आसंल राव," ते म्हणाले, "पर यात तुमाला काय मिळतं?"

असा राग आला! पोरीकडे पाहिलं. ती ओढणी तोंडाला लावून हसत होती.

"भाऊ," मी शेवटी म्हणालो, "तुम्ही पण चला. दाराजवळची खुर्ची तुम्हाला देतो."