उमाक्कांचं बोट

उमाक्का म्हणजे उमादेवी बिराजदार, जळकोटच्या आमच्या डीएड कॉलेजच्या ग्रंथपाल. नांदेडहून ग्रंथालयशास्त्र शिकून आल्या, आणि तेव्हापासून वाचनालयात कुणी मोठ्यानं हसलं की ओठांवर बोट ठेवून 'शूऽऽ' करणं हे त्यांचं अर्धं काम. मी तिथं गणित शिकवतो. त्या बोटाचा दम मीही पुष्कळदा खाल्लाय.

गेल्या वर्षी बालसाहित्य शिकवणाऱ्या बाई नोकरी सोडून उदगीरला गेल्या. प्राचार्य शेषेरावांनी तो विषय सरळ उमाक्कांच्या गळ्यात टाकला. रोज पुस्तकं हाताळतात, मग शिकवायला काय अवघड, असा त्यांचा हिशोब. भांडी विकणाऱ्याला स्वयंपाक येतोच, असं म्हणण्यासारखं होतं ते. उमाक्का पार भांबावून गेल्या. तासावर असल्या की वाचनालय आठवायचं, वाचनालयात बसल्या की तास. "मला नेमकं काय पाहिजे, तेच कळंना झालंय सर," असं त्या मला म्हणाल्या.

शेवटी प्राचार्यांनी सांगितलं, शनिवारी जिल्हा परिषदेच्या शाळेत आपल्या विद्यार्थ्यांसमोर तिथल्या पोरांना एक गोष्ट सांगून दाखवा. शिकवायचं की वाचनालयात परत जायचं, ते तिथंच ठरवून टाका.

गोष्ट रंगली. गोष्टीतली म्हैस सरपंचाच्या खुर्चीत जाऊन बसली तशी दुसरीची पोरं खदाखदा हसली, आणि उमाक्कांचं बोट आपसूक ओठांवर गेलं. "शूऽऽ." वर्ग गपगार. उमाक्कांचा चेहरा पडला. आमचे डीएडवाले वह्यांत डोकं घालून बसले. मला त्या बोटाचा असा राग आला म्हणून सांगू.

पहिल्या रांगेतल्या दामिनी नावाच्या पोरीला मात्र तो 'शूऽऽ' गोष्टीचाच भाग वाटला. तिनंही ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "म्हैस झोपली का?"

उमाक्का गोंधळून तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्याही कुजबुजल्या, "हाव. उठवू नका."

उरलेली गोष्ट सगळ्या वर्गानं पुढं वाकून ऐकली. प्राचार्यसुद्धा वाकले होते.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, मग काय ठरलं?

"पुढच्या शनिवारी येता का, म्हणून त्या लेकरानं विचारलं. मी हाव म्हणले," उमाक्का म्हणाल्या. "का म्हणले, ते मात्र मला विचारू नका, सर."