उजव्या कडेचा माणूस

विपुलला बडवलं तेव्हा मी आमच्या कांचघरच्या बाजारात नव्हते, पण फोटो मी पाह्यला. जवळच्या पनागर गावाहून भाजी आणून हातगाडीवर विकणारा गरीब माणूस. कोणाचा तरी मोबाइल हरवला, कोणी तरी 'चोर' म्हणून ओरडलं, अन् मेले तुटून पडले त्याच्यावर. डोकं फुटलं, जबडा मोडला. वर तोच फोटो मोहल्ल्याच्या फेसबुक पानावर टाकला, 'चोर को प्रसाद मिला' म्हणून! खाली हसणारे चेहरे. हात झडोत त्यांचे.

आमच्या शेजारचे दिनकरराव रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्या बायकोची, कुमुदवहिनींची, नजर काचबिंदूनं गेली. लिहिलेलं सगळं फोन त्यांना वाचून दाखवतो, पण चित्र आलं की नुसतं 'फोटो' म्हणतो अन् गप्प. म्हणून दिनकरराव त्या पानावरच्या फोटोंखाली काय दिसतं ते लिहून ठेवतात. सुरुवातीला नदीकाठच्या ग्वारीघाटच्या फोटोखाली त्यांनी 'नयनरम्य दृश्य' लिहिलं. वहिनी अशा भडकल्या!

"काहून असं लिहिता? छान की वाईट ते मी ठरवीन ना! घाटावर कोण आहे, काय करून राहिलं, पाटीवर काय लिहिलंय, ते सांगा."

तेव्हापासून रीतच पडली. डावीकडून सुरू करायचं, उजव्या कडेपर्यंत जायचं, कोणाला सोडायचं नाही. डोळ्यांनी न दिसणारी आणखीही माणसं ते फोनवर ऐकतात म्हणे.

त्या दुपारी मी त्यांच्याकडे मेथी निवडत बसले होते. कोणी मारलं ते आम्ही पाह्यलंच नाही, असं सगळा बाजार पोलिसांना सांगून राहिला होता. फोटोत मारणारे पाठमोरे, ओळखू येतील असे नाहीत, अन् दवाखान्यात पडलेल्या विपुलला तर बोलताही येत नव्हतं.

"अहो, तो फोटो सांगा ना," वहिनी म्हणाल्या.

दिनकररावांनी लिहिलं, फोननं वाचलं. "डावीकडे भाजीची उलटलेली गाडी. मधे विपुल जमिनीवर, तोंडातून रक्त. दोन माणसं त्याला लाथा मारतात."

वहिनींनी विचारलं, "अन् उजवीकडे?"

"काही नाही."

"तुम्ही आजवर कड सोडली नाही. कोण आहे तिथं?"

दिनकररावांनी फोन मांडीवर ठेवला. मी वाकून पाह्यलं; आधी माझी नजर विपुलवरच अडकली होती, कडेला गेलीच नव्हती. लोखंडी रॉड उगारलेला तो माणूस पाठमोरा होता, पण बापाला पोरगा पाठीवरून ओळखू येणार नाही का? मलाही आला. त्यांचा प्रतीक!

"एकुलता एक आहे गं कुमुद," एवढंच म्हणून ते रडायला लागले.

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. एकदा, मग पुन्हा. मी हात धरला तर झटकला त्यांनी.

"लिहा."

"जेलमध्ये जाईल तो!"

"अन् विपुल मेला तर? लिहा म्हणते ना!"

त्यांनी पानावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. "उजव्या कडेला पाठमोरा, लोखंडी रॉड उगारलेला, माझा मुलगा प्रतीक."

मेथी निवडून व्हायच्या आत प्रतीक दाराला लाथ घालून आत आला. "बाबा, डिलीट करो अभी!" म्हणत त्यानं सरळ बापाचा गळा धरला. त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं. लहानपणी माझ्या हातचे लाडू खाल्लेला हा नालायक! मी परात घेऊन धावले, त्यानं मला ढकलून दिलं. वहिनी आवाजाच्या रोखानं चाचपडत पुढं आल्या अन् दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. त्यानं दुसऱ्या हातानं आईच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला. त्यांनी मनगट सोडलं नाही.

"मार," त्या म्हणाल्या. "विपुलला मारलंस तसं मार."

दुसरा फटका आला नाही. त्यालाच रडू फुटलं. "आई, सोड ना."

वहिनीही रडत होत्या, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. "बेबी, पोलिसांना फोन लाव," त्या मला म्हणाल्या, अन् मी लावला.

जीप येईपर्यंत त्यांनी पकड ढिली केली नाही. तो सोडवून घेऊ शकला असता, पण तोही तसाच बसून राह्यला. शिपाई आत आल्यावर वहिनींनी चाचपून त्याचा हात शोधला अन् त्यात प्रतीकचा हात दिला.

"ये लीजिए भैया," त्या म्हणाल्या, "मेरा बेटा है."