किळस: निल

डॉक्टरांनी ‘रेक्टम’ म्हटलं आणि मी नाक मुरडलं. रेक्टम म्हणजे मोठ्या आतड्याचा अगदी शेवटचा भाग. तिथे कॅन्सर आहे, असं ते शांतपणे हिंदीत सांगत होते आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? मरण नाही, मुलगी नाही. ‘शी! आता हे लोकांना सांगायचं कसं?’ हे आलं.

सात महिने रक्त पडत होतं. मूळव्याध असेल म्हणून मी गप्प बसले. ऑफिसात सगळ्यांच्या फायली वेळेत निघाव्यात म्हणून ओरडणारी मी, स्वतःची फाईल मात्र दाबून ठेवली. तुमच्यापैकी कुणी आत्ता तसंच गप्प बसलं असेल तर वाचणं थांबवा आणि आधी दाखवून या. बाकीचं नंतर वाचा.

माझी ओळख एवढीच. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकोणीस वर्षं. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. घरात मी आणि मुक्ता, माझी चोवीस वर्षांची मुलगी.

कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे खालून नळीने कॅमेरा घालून आतडं बघतात. मग बायॉप्सी, मग एमआरआय, मग रेडिएशन. वेटिंग रूममध्ये लव्हेंडरचा फवारा मारलेला असायचा आणि त्याखालून फिनेल यायचं. त्या दोन वासांनी मला रेडिएशनपेक्षा जास्त मळमळलं. मग ऑपरेशन.

ऑपरेशनमध्ये गुदद्वार कायमचं बंद केलं आणि आतड्याचं तोंड पोटावर आणलं. याला कोलोस्टोमी म्हणतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, लालभडक, ओलं, गालाच्या आतल्या बाजूसारखं. त्यावर एक पिशवी चिकटवायची. शी त्यात येते, केव्हाही येते, विचारून येत नाही. गॅस सुटला की आवाज होतो आणि तो दाबता येत नाही, कारण तिथे दाबायला स्नायूच नसतो.

नर्सने पहिल्यांदा पिशवी बदलताना मला बघायला लावलं. मी तिच्याच ट्रेमध्ये ओकले. सोवळंओवळं कधी पाळलं नाही मी, पण स्वच्छता म्हणजे माझा प्राण. आणि आता घरातली सगळ्यात घाण वस्तू माझ्याच साडीखाली होती.

तरी महिनाभर निभावलं. मग दिल्लीतल्याच द्वारकेला उषाताईंकडे, माझ्या नणंदेकडे, जेवायला गेलो. श्रीखंड-पुरीचा बेत. दुसरी पुरी तोंडात आणि पोटावरून मोठ्ठा आवाज. सगळे एकदम पंख्याकडे बघायला लागले. पिशवी कडेने गळली होती, मी उठले तेव्हा खुर्चीच्या पांढऱ्या कव्हरवर डाग होता. उषाताईंनी कव्हर दोन बोटांनी उचललं, गुंडाळलं आणि बाल्कनीत नेऊन ठेवलं. त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. मीही तसंच दोन बोटांनी उचललं असतं.

त्या दिवसापासून मी खाणं तोडलं. हिशोब सरळ होता, वरून घातलं नाही तर खालून येणार नाही. सकाळी चहा, दुपारी अर्धी पोळी, संध्याकाळी ताक. मुक्ताला सांगायचे, ऑफिसात खाल्लं. ऑफिसात सांगायचे, घरून खाऊन आले. रिकामी पिशवी हातात आली की मला बरी झाल्यासारखं वाटायचं.

याच काळात हॉस्पिटलने एक ॲप दिलं होतं. ऑपरेशननंतर मनाला आधार म्हणून. त्यात एक बाई पाकात बुडवून काढलेल्या आवाजात सांगायची, ‘अपने शरीर को प्यार से अपनाइए.’ डोंबलाचं अपनाइए! पोटावर पिशवी तिच्या आहे का माझ्या? मला त्या आवाजाचीही किळस आली. रोज एक फॉर्म यायचा. पहिला प्रश्न, आज आपल्या शरीराची किळस किंवा त्रास किती वाटला, शून्य ते दहा.

आता सरकारी माणूस फॉर्म कसा भरतो ते ऐका. आमच्याकडे दर महिन्याला ढीगभर रिटर्न, म्हणजे माहितीचे तक्ते, वर पाठवायचे असतात. प्रलंबित तक्रारी किती? निल, म्हणजे शून्य. अनियमितता किती? निल. निल लिहिलं की वरून फोन येत नाही. आकडा लिहिला की खुलासा मागतात, मग खुलाशाचा खुलासा. तीस वर्षं मी निल रिपोर्ट पाठवत आले. इथेही रोज सकाळी, दात घासायच्या आधी, शून्य टाकायचे. फॉर्म तिथेच संपायचा. पडद्यावर हिरवं फूल उमलायचं आणि त्या बाई म्हणायच्या, ‘बहुत सुंदर!’

पंचेचाळीस फुलं जमली. माझं वजन नऊ किलोंनी उतरलं.

ऑपरेशननंतर केमोही सुरू झाली होती. तिसऱ्या केमोच्या दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट बघितले, माझ्याकडे बघितलं आणि सुई लावू दिली नाही. ‘मॅडम, इस हालत में नहीं दे सकता,’ ते म्हणाले. अंगात प्रोटीन उरलेलं नाही, केमो सोसणार नाही. एक आठवडा देतो. तेव्हाही असंच असेल तर केमो थांबवावी लागेल, आणि थांबली तर आजार परत येण्याचा धोका वाढतो. हे ते मुक्तासमोर बोलले. मुक्ता माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘आई, तू तो बोली थीस की ऑफिसात खातेस.’ रडू यायला लागलं की तिची मराठी अशीच होते.

त्याच दुपारी आम्हाला तिसऱ्या मजल्यावर सायकॉलॉजिस्टकडे धाडलं. चाळिशीच्या बाई, टेबलावर गार झालेला चहा. त्यांनी ॲपवरचा माझा चार्ट उघडला. सरळ रेघ, शून्यावर.

‘हे बघून मी तुम्हाला फोनच केला नाही,’ त्या म्हणाल्या. त्या हिंदीत बोलत होत्या, मी मराठीत लिहितेय. ‘मला वाटलं, या बाईंना माझी गरज नाही. ही माझीही चूक. फॉर्मवर विसंबायला नको होतं.’

मी फणकारले. ‘तुमचं ॲपच म्हणतं ना, अपनाओ? केलं मान्य. संपलं.’

त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला आणि पहिल्या प्रश्नात सात टाकले. खाली दुसरा प्रश्न उघडला. मी तो कधी पाहिलाच नव्हता. ‘ही भावना सोबत असताना आज तुम्ही काय केलंत?’

‘शून्य टाकलं की हा उघडत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आणि औषध यातच आहे.’

मग त्यांनी समजावलं. या पद्धतीला ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी म्हणतात. मान्य करणं म्हणजे आवडून घेणं नव्हे. किळस येतेय तर येऊ द्यायची, आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं ते तिच्यासकट करायचं. नको असलेला विचार दाबायला गेलं की तो जास्त डोकं वर काढतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. भीती सरावाने जितक्या पटकन उतरते तितक्या पटकन किळस उतरत नाही, हेही दिसलंय. म्हणून ती जाईपर्यंत जेवायचं थांबलात तर थांबूनच राहाल. आणि असली ॲप्स थोडी मदत करतात, मागे माणूस असेल तर जरा जास्त, चमत्कार करत नाहीत. त्यांनी हे सरळ कबूल केलं म्हणून मी पुढचं ऐकलं.

‘समजा, ही किळस कधीच कमी झाली नाही,’ त्यांनी विचारलं. ‘मग तुम्ही काय कराल?’

मला भयंकर राग आला. हे काय विचारणं झालं? पण तोंडातून निघून गेलं, ‘मुक्ताबरोबर जेवेन. महिना झाला, आम्ही एका टेबलावर बसलो नाही.’

जाता जाता स्टोमा नर्सने सांगितलं की रिकाम्या पोटी गॅस उलट जास्त होतो. घ्या! एवढे दिवस उपाशी राहून मी आवाजच वाढवत होते.

तो आठवडा गोड नव्हता. पहिल्या दिवशी वरण-भाताचा घास घेतला आणि पिशवी साडीखाली ऊबदार झाली. ईऽऽ! मी चमचा खाली ठेवला. मुक्ताही चमचा खाली ठेवून बसून राहिली. मी उचलला तेव्हा तिने उचलला. फॉर्ममध्ये टाकलं, दहा. दुसऱ्या प्रश्नात लिहिलं, अर्धी वाटी वरण-भात. फूल आलं नाही. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून फोन आला. नोकरीत वरून फोन आला की मी खुर्चीतून उठून उभी राहायचे. या फोनला मी पंधरा मिनिटं शिव्या घातल्या आणि त्या बाई ऐकत राहिल्या. त्यांचे आभार मी कुठल्या फॉर्ममध्ये मानू?

आठवड्याने वजन सव्वा किलो वाढलं. रिपोर्ट जेमतेम होते. डॉक्टर म्हणाले, ‘चलिए, लगाते हैं.’

सलाईन चालू असताना मुक्ताने डबा उघडला. पोळी, भेंडीची भाजी. तिसऱ्या घासाला पोटावरून आवाज झाला, अगदी द्वारकेसारखा. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी मान वळवून बघितलं. इथे बघायला पंखाही नव्हता. मला अजूनही किळस येते, खोटं कशाला सांगू? त्या क्षणी तर स्वतःचीच शिसारी आली.

मी फोन काढला आणि नऊ टाकले. दुसरा प्रश्न उघडला. ही भावना सोबत असताना आज तुम्ही काय केलंत?

‘आई, आणखी एक पोळी?’ मुक्ताने विचारलं.

मी फोन बाजूला ठेवला. म्हटलं, ‘वाढ.’