बावीस हजारांची पावशी

सानगडीच्या कुंताबाईला सगळ्यात जास्त संताप कशाचा येत असेल, तर न विचारता केलेल्या उपकाराचा. आणि गेल्या पोळ्यापासून असा एक उपकार तिच्याच घरात, तिच्याच लोखंडी कपाटात, तिच्याच साड्यांखाली मुक्काम ठोकून होता. बावीस हजारांची सुरी! सोन्याची नव्हे, चांदीची नव्हे, साधी भाजी कापायची सुरी.

ती आणली होती थोरल्या पिंटूनं. पिंटू पुण्यात नोकरीला. लग्नाआधी या पोट्ट्याला डोळ्यांदेखत दूध उतू गेलेलं दिसत नसे, आणि आता म्हणे तो रविवारी स्वयंपाक करतो, मोबाईलवर बघून. तिथंच कुठंतरी त्याला या सुऱ्यांचं वेड लागलं. जपानात कोणी कारागीर आहे, तो एकटा बसून हातानं ठोकून ठोकून ती घडवतो, मशीन लावत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, पिंटूनं काळी लाकडी पेटी सगळ्यांसमोर उघडली, आतला कागद, कागदाच्या आतलं कापड बाजूला केलं आणि एक टमाटर कापून त्याची चकती उजेडापुढं धरली. चकतीतून भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं.

"आई, हे तुह्यासाठी. आता खाली बसाचं कामच नाही. ओट्याजवळ उभी राहून कापजो."

हेतू चांगला होता, हे कुंताबाईलाही मान्य होतं. तिचे गुडघे वर्षभरापूर्वी गेले. साकोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, खाली बसणं बंद. शेतीचं तिला काही वाटलं नाही, धानाच्या रोवण्याला बाया लावता येतात. पण पावशीचं काय? बाकी महाराष्ट्र जिला विळी म्हणतो ती या भागात पावशी. खाली बसायचं, पाटावर एक पाय दाबायचा आणि दोन्ही हातांनी भाजी उभ्या पात्यावर रेटायची. परकर नेसायच्या वयापासून कुंताबाई पावशीवर बसत आली होती. नजर गॅसवरच्या दुधावर, तोंड शेजारच्या बेबीबाईशी बोलण्यात, आणि हात आपले चाललेले. गावात कोणाचंही लग्न असो, भाजी चिरायला पहिला निरोप तिला यायचा.

आणि आता? आता धाकट्या गोलूची बायको रिता सकाळी अंगणवाडीत जायच्या आधी भराभर भाजी कापून ठेवायची. रिता वाईट नव्हती, पण तिची घाई वाईट होती. वांग्याच्या फोडी बाहेरून शिजायच्या, आत कच्च्या. ती गेली की घरात कुंताबाई, गॅस, तेल, तिखट, मीठ सगळं हजर, फक्त कापलेलं काही नाही. एकदा भर दुपारी आसगावहून तिचा भाऊ तुलाराम आला. उन्हातून आलेला, भुकेला. कुंताबाईनं फ्रिज उघडला, दोडके होते, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, ताजी जुडी होती, आणि तिला ते कापता येईना. तिनं पावशी उचलून ओट्यावर ठेवली तर भाजी रेटल्याबरोबर ती पुढंच सरकायची, कारण दाबायला पाय ओट्यावर कुठून आणायचा? शेवटी तुलारामनं भात, दही आणि लोणच्यावर जेवण केलं. "मस्त झालं बाई," म्हणाला. तो म्हणाला खरा, पण त्या दिवशी कुंताबाईला अन्न गोड लागलं नाही. सख्खा भाऊ माहेराहून आला आणि बहिणीनं त्याला दह्याभातावर लावून दिलं!

तेव्हा पिंटूची सुरी आली तर तिला आनंदच व्हायला हवा होता. पण तिच्या हाताला ते गणितच उलटं पडलं. पावशीत पातं जागेवर राहतं आणि भाजी चालते. सुरीत भाजी जागेवर आणि पातं चालतं, तेही आपल्याच बोटांच्या दिशेनं. पहिल्याच दिवशी तिनं अंगठ्याचं नख अर्धं उडवलं. पिंटू म्हणाला, "सवय होईल." आणि पुण्याला निघून गेला. जाताना पथ्यं सांगून गेला ती वेगळीच. लिंबू कापू नको, चिंच लागू देऊ नको, खोबऱ्यावर चालवू नको, ओली ठेवू नको, पावडरनं घासू नको, कापून झाल्याबरोबर पुसून तेलाचा हात लाव.

"मंग कापाचं काय? हवा?" कुंताबाईनं विचारलं होतं. सगळे हसले. ती हसण्यासाठी बोललीच नव्हती.

सवय होण्याचा प्रश्नही फार दिवस उरला नाही, कारण सुरी तिच्या नवऱ्यानं, भैय्यालालनं, ताब्यात घेतली. भैय्यालालचं धानाचं दुकान. माल पारखायची सवय. किंमत कळल्यापासून त्याच्या लेखी ती सुरी राहिलीच नाही, ठेव झाली. कुंताबाईनं हात लावला की "अवो, अवो, बावीस हजार!" असा ओरडायचा. मात्र कोणी पाहुणा आला की चहानंतर पेटी बाहेर यायची.

"हाती घेऊन तर पाहा. जपानी आहे. मशीनची नाही."

पाहुणा पात्यावरून अंगठा फिरवायचा, हातावरचे दोन केस उडवून बघायचा आणि "वा!" म्हणायचा. मग चर्चा. एक म्हणायचा, एवढ्या पैशात जन्मभराच्या सुऱ्या येतील. दुसरा म्हणायचा, हातची चीज आहे, हातच्या चिजेला मोल नसते. आत कुंताबाई प्लास्टिकच्या मुठीच्या बोथट चाकूनं मिरच्या कापत, खरं तर दोन बोटांनी मोडत उभी असायची. अख्ख्या सानगडीनं ती सुरी हाताळली. जिच्यासाठी आणली तिला सोडून.

मग आला दसरा. दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, सबल, गोलूची मोटरसायकल, सगळं ओळीनं मांडलं गेलं, आणि मधोमध पाटावर लाल कापडावर सुरी. भैय्यालालनं तिच्या पात्यावर ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर झेंडूचं ओलं फूल ठेवलं. पूजेतलं हत्यार दसऱ्याला हलवायचं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फूल उचललं, हळद पुसली, तर खाली पात्यावर तांबूस तवंग. जिथं जिथं बोट ओढलं होतं तिथं तिथं जंग!

भैय्यालालनं हायच खाल्ली. घरातल्या कुऱ्हाडीला आजवर कुंकू लागलं, तिला कधी काही झालं नाही, आणि ही महाराणी एका रात्रीत गंजली! "पिंटूले सांगू नको," त्यानं आधी बायकोला बजावलं. मग त्यानं चुलीची राख लावून घासलं, तसा डाग पसरला. मग लिंबू लावलं. पातं काळपट पडलं. मग तो रोज सकाळी आंघोळ झाली की मांडीवर टॉवेल घेऊन बसायचा आणि सुरीला खोबरेल तेल चोळायचा. हळुवार, टोकापासून मुठीपर्यंत. तिसऱ्या दिवशी कुंताबाईचा तोल सुटला.

"अजी, वर्ष झालं माह्या गुडघ्याले. एका दिवशी तरी तेल लावलं काय तुमी?"

भैय्यालालनं वर पाहिलं. "आता तुह्या गुडघ्याचं काय मधात?"

हद्द झाली! दुसऱ्या दिवशी भैय्यालाल धानाच्या कामानं साकोलीला गेला, रिता अंगणवाडीत गेली, आणि कुंताबाईनं सुरी जुन्या टॉवेलात गुंडाळली, पिशवीत घातली आणि लंगडत लंगडत सोमाजी सुताराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सोमाजीभाऊ, याची मूठ काढ अन् मले पाट करून दे. याचं पातं उभं बसव पाटात. पावशीवानी."

सोमाजीनंही ती सुरी भैय्यालालच्या ओसरीवर बघितली होती. त्याच्या हातातला रंधा तसाच राहिला. "वैनी, डोकं ठिकाणावर आहे न? भैय्यालालजी मले गावातून काढून देतीन."

"त्यांचं मी पाहीन. अन् पाटाच्या खाली माह्या बाजूनं एक जाड पट्टी ठोक. ओट्याच्या कडेले अडकली पाह्यजे. म्हणजे भाजी रेटली तरी पाट सरकन नाही, पाय दाबाचं कामच नाही."

सोमाजीनं पट्टीचा विचार केला आणि मान हलवली. हे मात्र त्याला पटलं. तरी मूठ काढताना त्याचा हात दोनदा मागं आला. तिसऱ्यांदा त्यानं डोळे बारीक करून हातोडी मारली, आणि जपानी मूठ चटकन सुटून आली. पात्याचं शेपूट त्यानं सागाच्या पाटात बसवलं, पाचर ठोकली, आणि पात्याला झाकायला लाकडाची खोळही करून दिली.

घरी येऊन कुंताबाईनं पाट ओट्याला अडकवला. फ्रिजमधून पत्ताकोबी काढली. उभी राहिली. दोन्ही हातांनी कोबी पात्यावर ठेवली आणि रेटली.

काय सांगावं! रेटावंच लागलं नाही. कोबी नुसती गेली. दुसरी फोड, तिसरी, आणि मग हात आपले आपण चालायला लागले. नजर खिडकीबाहेर, ओठांवर काहीतरी गुणगुणणं, खाली परातीत केसासारखी बारीक कोबी. कुंताबाईला तेव्हा आनंद झाला, आणि आनंदाच्या मागोमाग रागही आला, कारण मेली सुरी खरंच चांगली निघाली. तिची फार इच्छा होती की ती भिकार निघावी आणि पिंटूला चार शब्द सुनवता यावेत. पण नाही. कांदा कापताना डोळ्यांना पाणी नाही, टमाटर दबत नाही, जुन्या पावशीसारखं आठवड्याला दगडावर घासणं नाही. बावीस हजारांइतकी चांगली आहे का? ते काही तिला कळेना. कांदा शेवटी कांदाच होतो. पण चांगली होती.

संध्याकाळी भैय्यालालनं ओटा पाहिला आणि तिथंच स्टुलावर बसला. "अरे देवा, अरे देवा," एवढंच बराच वेळ. मग आरडाओरडा. मग जेवायला बसल्यावर कोबीची भाजी दोनदा वाढून घेतली आणि हात धुताना म्हणाला, "दिवाळीले पिंटू येते. तूच सांगजो त्याले. मी काही बोलणार नाही."

पिंटू आला. चपला काढल्या, आईच्या पाया पडला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. कुंताबाई ओट्याशी दोडक्याच्या चकत्या करत होती. पिंटूनं गिलास खाली ठेवला. त्यानं पात्याकडं पाहिलं, पाटाकडं पाहिलं, मग बाजूला खलबत्त्याजवळ पडलेल्या मुठीकडं पाहिलं. त्या मुठीनं कुंताबाई हल्ली लसूण ठेचत असे.

"आई, हे काय केलं तू?" त्यानं मूठ उचलून तळहातावर तोलली. "त्या माणसानं किती दिवस ठोकून... ते वजन, तो तोल, सगळा त्या मुठीत होता."

"लसूण चांगला ठेचते," ती म्हणाली.

"मजाक नको करू न आई! असंच कराचं होतं तर जुन्या पावशीलेच पट्टी ठोकाची होती! तेवढंच काम झालं असतं." मग त्यानं स्वतःला आवरलं आणि समजूतदारपणे बोलायला लागला. ते तर कुंताबाईला आणखीच झोंबलं. "असं कर, हे मी पुण्याले घेऊन जातो. नवी मूठ बसवून घेतो. अन् तुले उद्याच साकोलीहून उभ्यानं कापाची दुसरी पावशी आणून देतो. एकदम तुले पाह्यजे तशी."

"बरोबर म्हणते तो," दारातून भैय्यालाल म्हणाला. काही बोलणार नव्हता तोच. "जंग मीच लावला होता, पण मोडली तिनं."

पिंटूनं पाट उचलायला दुसऱ्या हातानं त्याची कड धरली. कुंताबाईनं पाटावर हात ठेवला.

"हात काढ."

"अवो आई..."

"हात काढ म्हटलं न. जुन्या पावशीले पट्टी ठोकता येते, हे मले समजत नाही काय? तुह्या जन्माच्या आधीपासून कापून राहिली मी. ठोकली असती. पण मंग तुही सुरी तिथंच राहिली असती, कपाटात. पोरानं माह्यासाठी आणली, अन् साऱ्या गावानं हाती घेऊन पाह्यली, मीच नाही. किंमत किंमत किंमत! डाक्टरनं म्हटलं खाली बसू नका, तर तुमी सारे हो म्हणून उठून गेले. तुह्या मामाले मी दहीभात खाऊ घातला, माहीत आहे तुले? वर्षभरात तू रोज फोन केला. जेवली काय, गोळी घेतली काय, सारं विचारलं. पण आई, तू आता भाजी कापते कशी, हे एकदा तरी विचारलं काय रे?"

भैय्यालाल दारातून हळूच ओसरीकडं सरकला.

"नाही विचारलं, आई," पिंटू म्हणाला.

त्यानं पाटावरचा हात काढला आणि हातातली मूठ परत खलबत्त्याजवळ ठेवली. कुंताबाईनं त्याच्याकडं पाठ केली आणि पुन्हा कापायला लागली. डोळे भरून आले होते, समोरचं पातं नीट दिसत नव्हतं. कांद्यावर ढकलता आलं असतं, पण नेमका हातात दोडका होता.