उजेडावर चालणारा कॅल्क्युलेटर

माझे बाबा सुकाणी होते. मालवाहू बोटीच्या चाकावर उभं राहायचं आणि कप्तान सांगेल त्या दिशेला बोट धरून ठेवायची, हे त्यांचं काम. वर्षाचे बहुतेक महिने ते समुद्रावर असायचे. रजेवर आले की रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या चिऱ्याच्या घरात परदेशी साबणाचा वास यायचा आणि आईच्या बांगड्या जरा जास्त वाजायच्या. मला ते आवडायचे, पण त्यांच्याशी काय बोलायचं ते कळायचं नाही. ते विचारायचे, "काय गो, अभ्यास कसा चाललाय?" मी म्हणायचे, "बरा." तिथे आमचं बोलणं संपायचं.

मी बारावीत होते त्या वर्षी ते नवरात्राच्या सुमारास आले. पाऊस गेला होता, भात पिवळं पडायला लागलं होतं. त्यांनी बॅगेतून एक चपटी डबी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"सिंगापूरला घेतलं. दुकानदाराला म्हटलं, माझी बाय सायन्सला आहे, तिला लागेल असं दे. महागातलं नाही हो, साधंच आहे."

डबीत सायंटिफिक कॅल्क्युलेटर होता. तळहाताएवढा, करड्या रंगाचा, वर सरकणारं प्लॅस्टिकचं झाकण. बटणं इवलीशी, आणि प्रत्येक बटणाच्या डोक्यावर नारिंगी अक्षरांत दुसरंच काहीतरी छापलेलं. वरच्या कडेला काळ्या काचेची पट्टी होती. सेल घालायला जागाच नव्हती. त्या पट्टीवर उजेड पडला की आकडे उमटायचे. सोबत पातळ कागदावर माहिती होती, पण सगळी जपानीत. मी तो कागद उलटा धरला काय नि सुलटा धरला काय, सारखंच.

दुसऱ्याच दिवशी मी तो कॉलेजात नेला. गणिताच्या सरांनी हातात घेऊन, झाकण दोनदा उघडून मिटून पाहिलं. "छान आहे," म्हणाले, "पण बोर्डाच्या परीक्षेत चालायचा नाही हो. तिथे लॉगची पुस्तिकाच." मी घरी येऊन बाबांना हे सांगितलं नाही. त्यांनी इतक्या लांबून आणलेली वस्तू परीक्षेला चालत नाही, हे कसं सांगायचं?

आणि मग मला कावीळ झाली.

आधी जेवण नकोसं झालं, मग ताप, मग एका सकाळी आईने माझा चेहरा खिडकीकडे वळवला आणि तिच्या तोंडून "अगो बाय" एवढंच निघालं. डोळे हळदीसारखे झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं, औषधापेक्षा विश्रांती महत्त्वाची. दिवाळी होऊन जाईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. तेल बंद, मासे बंद. पावस गावाच्या बाजूला एक बाई काविळीवर झाडपाला द्यायच्या, तोही बाबा सकाळच्या पहिल्या गाडीने जाऊन घेऊन आले. डॉक्टरांचं आणि त्या बाईंचं, दोन्ही औषधं आईने मला पाजली. कशाने बरं वाटलं ते देवाला ठाऊक.

ते दिवस आठवताना अजूनही मला सगळं पिवळसर दिसतं. पश्चिमेच्या खिडकीखाली माझी खाट होती. दुपारी उन्हाचा एक चौकोन भिंतीवरून खाली उतरत माझ्या गोधडीवर यायचा. खालून बंदरावरच्या इंजिनांची धडधड यायची, लिलावाची ओरड यायची, आणि मी झोपेत आहे की जागी, हे मलाच सांगता यायचं नाही. अशा वेळी बाबा येऊन खाटेशेजारच्या स्टुलावर बसायचे. आई स्वयंपाकघरात, मी आजारी, त्यांना करायला काही नाही. एका दुपारी त्यांनी फडताळातून कॅल्क्युलेटर उचलला आणि म्हणाले, "हा चालवून तरी दाखव. मी आणला, पण त्यात काय काय आहे ते मला कुठे माहीत?"

मी पडल्या पडल्या तीस दाबले आणि साइनचं बटण दाबलं. साइन तीसचं उत्तर अर्धा, हे तर पाठच. पण कॅल्क्युलेटरने दाखवलं उणे शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव आणि पुढे काहीतरी. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"चुकीचं येतंय."

त्यांचा चेहरा उतरला. डेकवर वाऱ्यापावसात रापलेला तो माणूस, लहान मुलासारखा ओशाळला. "फसवलं त्या माणसाने," ते हळूच म्हणाले. "मला तेव्हाच वाटलं होतं, एवढ्या स्वस्तात कसा देतो."

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि इकडचं तिकडचं बटण दाबत बसले. मी डोळे मिटले. मला वाईट वाटत होतं, त्यांच्यासाठी. थोड्या वेळाने ते म्हणाले, "हे बघ गो, इथे वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं आहेत. हे बटण दाबलं की ती बदलतात."

मी पाहिलं. आकड्यांच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत, आधी रेडियन होतं, आता डिग्री झालं होतं. मी ताडकन उठून बसले. आईने पाहिलं असतं तर ओरडली असती. तीस, साइन. शून्य पूर्णांक पाच.

"आलं! बाबा, बरोबर आलं! तो वेगळ्या मापात मोजत होता."

"म्हणजे फसवलं नाही?"

"नाही हो."

ते इतके हसले, की आई हातातली पळी घेऊन दारात आली.

त्या दिवसापासून आमचा नेम झाला. पेज खाऊन झाली, की उन्हाचा चौकोन गोधडीवर यायची वाट पाहायची. एकेक बटण घ्यायचं आणि ते काय करतं ते शोधून काढायचं. जपानी कागदाची गरजच उरली नाही. लॉगचं बटण दाबून मी पुस्तिकेतल्या आकड्यांशी ताडून पाहायचे, आणि चौथ्या अंकाच्या पुढेही आकडे चालूच राहिलेले बघून मला गुंगी आल्यासारखं व्हायचं. उद्गारचिन्हाचं एक बटण होतं, त्याने एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार व्हायचा. बाबांना ते फार आवडलं. ते आकडा वाढवत वाढवत न्यायचे. एकोणसत्तरपर्यंत बिचारा उत्तर द्यायचा; सत्तरला नुसता ई उमटायचा.

"दमला," बाबा म्हणायचे. "राहू दे आता."

एक बटण दाबलं की दर वेळी नवाच आकडा यायचा, कशाशीही संबंध नसलेला. त्याचं नाव त्यांनी हवामान ठेवलं. आठवणीत आकडा ठेवण्याचंही बटण होतं, पण त्यात एक गंमत होती. सूर्य भगवती किल्ल्याच्या बाजूला कलला, की आकडे फिकट होत जायचे, आणि पट्टीवर सावली आली की पडदा कोरा व्हायचा. दुसऱ्या दिवशी आठवणीत काही नसायचं. बाबा कधी मुद्दाम अंगठा पट्टीवर ठेवायचे. आकडे विरायचे. अंगठा काढला की पुन्हा शून्य. "दिवसपाळीचा आहे," ते म्हणायचे.

आणि ते कॉसचं. मी एकदा रेडियनमध्ये ठेवून, कुठलासा आकडा टाकून, पडल्या पडल्या नुसतं कॉसचं बटण दाबत राहिले. दाबायचं, उत्तर यायचं, त्यावर पुन्हा दाबायचं. आकडा मोठा व्हायचा, लहान व्हायचा, पुन्हा मोठा, पण दर वेळी थोडा कमी हलायचा. शेवटी शून्य पूर्णांक त्र्याहत्तर-नव्वदच्या आसपास तो शांत झाला आणि मग कितीही दाबलं तरी हलेना. दुसरा आकडा घेतला, तोही तिथेच आला. बाबांनी आपल्या वयाचा आकडा टाकला, तोही तिथेच. मला ते भीतिदायक वाटलं आणि फार सुंदरही.

बाबांनी आणखी एकदा बटण दाबून पाहिलं. मग म्हणाले, "नांगर टाकल्यावर बोट अशीच होते. जरा इकडे, जरा तिकडे, मग थांबते."

दिवाळी जवळ आली तेव्हा एकच बटण राहिलं होतं. त्याच्यावर एक छोटं वर्तुळ आणि स्वल्पविरामासारख्या रेघा होत्या. मला वाटलं, छपाईच चुकलीय. बाबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "ही खूण मला माहीत आहे. नकाशावर असते. अंश आणि मिनिटं."

"कसली मिनिटं?"

"बोट कुठे आहे त्याची. चाकावर उभा असलो की मागे टेबलावर साहेब लोक बोलत असतात, इतके अंश, इतकी मिनिटं. ऐकून ऐकून पाठ झालं. रत्नागिरी सतराला जरासं कमी."

मी सोळा पूर्णांक नव्याण्णव टाकले आणि आधी नारिंगी अक्षरं चालू करणारं बटण आणि मग ते खुणेचं बटण दाबलं. सोळा अंश, एकोणसाठ मिनिटं, चोवीस सेकंद. ते आकडे बघून बाबांनी कॅल्क्युलेटर हळूच गोधडीवर ठेवला. मला वाटलं, काही चुकलं. मग ते खिडकीबाहेर बघत बोलले, जणू मला नाही, स्वतःलाच सांगतायत.

"मुंबईहून कोलंबोकडे निघालो ना, की साहेबांच्या बोलण्यात आधी अठरा असतो. सतरा आला की मी सावध होतो. सतरा संपून सोळा एकोणसाठ झालं की समजायचं, बरोबर डाव्या हाताला आपलं घर. दिसत काही नाही. किनारा लांब असतो. चाक सोडता येत नाही. मी फक्त मान वळवतो."

"दर वेळी?"

"दर वेळी. दिवस असो, रात्र असो. पहारा माझा नसला तर वर येऊन उभा राहतो."

लहानपणापासून मी धरून चालले होते, की बोट सुटली की बाबा आम्हाला विसरतात. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते आमची आठवण काढतात, असंही कुणी सांगितलं नव्हतं. मी गोधडी नाकापर्यंत ओढून घेतली. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पाहिलं असावं, कारण ते उठून आईला ताक आणायला सांगायला गेले.

त्याच आठवड्यात कंपनीची तार आली. मुंबईला येऊन बोटीवर हजर व्हा. मोठी बोट होती, लांबचा फेरा. आईने त्यांची बॅग खाली काढली, शर्टांच्या घड्या घालायला घेतल्या. माझे डोळे अजून पुरते पांढरे झाले नव्हते. बाबा दुपारी बाहेर पडले. आम्हाला वाटलं, गाडीचं आरक्षण करायला गेले. ते परत आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "तार करून आलो. पुढच्या बोटीला जाईन."

आईच्या हातातला शर्ट तसाच राहिला. "अहो, पण कंपनी काय म्हणेल?"

"कंपनीला दुसरा सुकाणी मिळेल."

एवढंच. त्यांनी हातपाय धुतले आणि स्टुलावर येऊन बसले. "आज काय करूया?" मला विचारलं. बटणं तर सगळी संपली होती. मग मी त्यांना साइन म्हणजे काय ते शिकवायला घेतलं. काटकोन त्रिकोण काढून, खिडकीच्या गजाची सावली दाखवून. ते मन लावून ऐकायचे आणि मध्येच डुलक्या घ्यायचे. कधी कधी आम्ही दोघंही झोपून जायचो आणि आई येऊन माझ्या हातातून कॅल्क्युलेटर काढून फडताळात ठेवायची.

ती मोठी बोट त्यांना पुन्हा मिळाली नाही. डिसेंबरात मुंबईला जाऊन बरेच दिवस थांबल्यावर त्यांना कोळसा वाहणारी एक जुनी बोट मिळाली. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. मी लॉगची पुस्तिका घेऊन परीक्षा दिली, गणितात चांगले मार्क पडले, आणि बीएस्सीला मी गणितच घेतलं. ते पुढच्या रजेवर आले तेव्हा "काय गो, अभ्यास कसा चाललाय?" असंच त्यांनी विचारलं. पण या वेळी मी सांगायला लागले ते आईने जेवायला हाक मारेपर्यंत थांबले नाही.

बीएस्सी झाल्यावर मी म्हटलं, मला एमएस्सीला कोल्हापूरला जायचंय, होस्टेलवर राहून. ते तेव्हा रजेवरच होते. ते म्हणाले, मुंबईला आत्याकडे राहा. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, परक्या गावात एकटी मुलगी कशी राहणार? मी म्हटलं, तुम्ही नाही का राहत? आवाज चढले. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. जन्मात आम्ही पहिल्यांदाच भांडत होतो. स्वयंपाकघरातून आईचं हसू ऐकू आलं आणि आम्ही दोघंही थांबलो.

"भांडा, भांडा," ती म्हणाली. "माझं काही जळत नाही इथे."

शेवटी मी कोल्हापूरला गेले, आणि बाबाच मला सोडायला आले. साखरपा सोडून एसटी आंबा घाटाला लागली, वळणांमागून वळणं सुरू झाली, आणि माझ्या बाबांना, ज्यांनी किती वादळं चाकावर उभं राहून काढली होती, गाडी लागली. ते घामेघूम झाले. मी त्यांना खिडकीशी बसवलं, पिशवीतलं लिंबू कापून हातात दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिले. घाट संपून देशावरची मोकळी हवा लागली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"बोट बरी," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेले.