कंसातले आकडे

आमच्या हिला सगळी गल्ली फौजदार म्हणते. सारा जन्म कंपन्यांचे हिशेब तपासण्यात गेला; आता निवृत्त झाली तरी सवय जाते थोडीच! कुठलाही वार्षिक अहवाल हाती आला की साहेबांचा हसरा फोटो उलटायचा, नफ्याकडे ढुंकूनही बघायचं नाही आणि थेट रोख प्रवाहाचं पान काढायचं. धंद्यातून काय आलं, गुंतवणुकीत काय गेलं, कर्ज किती घेतलं-फेडलं, सगळं त्या एका पानावर. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून गप्प बसतो असं मात्र नाही.

परवा लेकीला दोन नोकऱ्या चालून आल्या. एक कंपनी चकचकीत, नफाच नफा. दुसरी घडीच्या खुर्च्या बनवणारी, यंदा तोट्यात. आणि आमच्या कन्यारत्नाचं मन खुर्च्यांवर! तिथे नवे नमुने तीच काढणार होती.

"मुळीच नाही!" मी कडाडलो. "जाणूनबुजून खड्ड्यात उडी मारतेस?" आणि खुर्चीवाल्यांचं ते पान हिच्यापुढे आपटलं. "बघ, गुंतवणूक कंसात, कर्ज कंसात! कंसाच्या तावडीतून कोणी वाचलंय का?"

"आठवा वाचला की हो!" ही हसून हसून बेजार. "अहो, कंसात म्हणजे बाहेर गेलेला पैसा. कुठे गेला ते तर बघा. नवी यंत्रं घेतली, जुनं कर्ज फेडलं. आणि आला कुठून? वरची ओळ वाचा, खुर्च्या विकून! तोटा दिसतोय तो यंत्रांच्या घसाऱ्यामुळे. घसारा म्हणजे झीज, ती कागदावर कापतात, गल्ल्यातून काही जात नाही."

"आणि ही चकचकीत?"

"माल उधार दिला, नफा मांडून मोकळे. वसुलीच्या नावानं शिमगा, पगार कर्जातून. तीन वर्षं हेच. उधारीचं पोतं सवा हात रितं!"

"तरी पण, एवढा पैसा बाहेर घालवायचा म्हणजे..." मी कुरकुरलोच.

हिनं चष्मा काढला. "या पोरीच्या शिक्षणावर आपण जे घातलं, ते सगळं माझ्या हिशेबात कंसातच आहे. काय हो, तोटा झाला का?"

लेक माझ्याकडेच बघत होती. मी आपटलेलं पान उचलून हिच्या हातात दिलं.

"रुजू कधी व्हायचंय?" मी विचारलं.

"सोमवारी!" ती ओरडली आणि दोन्ही बाजूंनी हात टाकून तिनं मला असं आवळलं, की मीच कंसात सापडलो.